गिरणी येईपर्यंत भाकरी नाही

१६ मार्च १९८७, सोमवार. सकाळी गारवा, दहानंतर ऊन, दुपारी पश्चिमेचा कोरडा वारा. होळी नुकतीच होऊन गेलेली.

माझ्या डायरीचं प्रत्येक पान असंच सुरू होतं. आधी तारीख, मग हवा, मग घडलं ते. मित्र विचारतात, "मधुभाऊ, तुमच्याकडे एवढे किस्से साचतात कसे?" अहो, साचवावे लागतच नाहीत! एखादं साधं, सरळ, कुणालाही पटेल असं काम हातात घ्यायचं आणि त्यासाठी अनुदानाचा अर्ज करायचा. किस्से आपले आपण जिना चढून ऑफिसात येतात.

आमचं ऑफिस धुळ्यात, बियाण्याच्या एका दुकानावरच्या दोन खोल्यांत. माणसं तीन. आबा हे आमच्या समाजसेवी संस्थेचे संस्थापक, धरणगावच्या शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर. सुमनताई मूळच्या नशिराबादच्या, नर्सची नोकरी सोडून आलेल्या. त्यांचं बोलणं इंजेक्शनसारखं. टोचतं, पण गुण येतो. तिसरा मी. अकरावीनंतर माझी शाळा सुटली. टायपिंग आणि कामापुरतं इंग्रजी मी घरीच शिकलो. फाइली, टपाल आणि टाइपरायटर माझ्या ताब्यात.

त्या सोमवारी आम्ही तिघं शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर सभेला गेलो होतो. घरं साठेक. वीज नाही. पिठाची जवळची गिरणी बाजाराच्या गावात, डोक्यावर दळण घेऊन दोन तासांच्या वाटेवर. म्हणून बायका पहाटे उठून जात्यावर दळायच्या. आबांनी आरोग्य, शिक्षण आणि बचत या तिन्ही विषयांवर भाषण केलं. भाषण संपलं तशी भुरीबाई उठली. चाळिशीची, सहा लेकरांची आई, आणि पाड्यातल्या बायका जिचं ऐकतात अशी. घरात त्यांची पावरी बोली, आमच्याशी मात्र अहिराणी. म्हणाली, "आबा, सभा नको. गिरणी लई या." म्हणजे घेऊन या.

जेवण तिच्याच घरी होतं. आबांनी तिसरी भाकरी मागितली आणि वाढणाऱ्या हाताकडे त्यांचं लक्ष गेलं. तळहाताला घट्टे पडलेले. आबांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "भुरीबाई, गिरणी आणल्याशिवाय तुझ्या घरची भाकरी खाणार नाही!"

आम्हाला वाटलं, बाईचे डोळे पाणावतील. कसलं काय! ती भडकलीच. दारात आलेला पाहुणा जेवायला नाही म्हणतो म्हणजे काय? ती म्हणाली, "मंग तुमना चहा बी माले नको! गिरणी उनी का मंग पिसू." म्हणजे गिरणी आली की मगच पिईन.

परत येताना जीपमध्ये सुमनताई म्हणाल्या, "आबा, गिरणी नाही आली तर दोघंही उपाशी मराल."

"येणार म्हणजे येणार," आबा म्हणाले. "सहा महिन्यांत."

*

पहिला अर्ज मुंबईच्या एका ट्रस्टकडे. फॉर्म इंग्रजीत, अकरा पानी. त्यात उद्दिष्ट, लक्ष्य आणि हेतू असे तीन वेगवेगळे रकाने. मी शब्दकोश उघडून दोन दिवस बसलो. तिन्हींत फरक काय, ते शब्दकोशालाही धड सांगता येईना.

आबा म्हणाले, "तिन्ही ठिकाणी गिरणी लिही!"

मी लिहिलं. पण अर्ज फारच कोरा दिसायला लागला. तेव्हा आबांमधला ड्रॉइंग मास्तर जागा झाला. त्यांनी शेवटच्या पानामागे गिरणीचं चित्र काढलं. इंजिन, पट्टा, धान्य ओतायची चाडी, खाली पिठाचा डबा, शेजारी डोक्यावर टोपलं घेतलेली भुरीबाई. चार संध्याकाळी खपून वॉटरकलरमध्ये!

महिन्यानं पत्र आलं. "आपल्या अर्जासोबतचे चित्र संचालक मंडळाला अतिशय आवडले. ते फ्रेम करून कार्यालयात लावण्यात आले आहे. अर्ज सोबत परत पाठवत आहोत."

*

तेव्हा पुण्याहून एक जाणकार गृहस्थ धुळ्याला व्याख्यानाला आले होते. त्यांना आम्ही ऑफिसात आणून शेवभाजी खिलवली. नाकाचं पाणी पुसत ते म्हणाले, "तुमची चूक काय होतेय माहितीय? तुम्ही गिरणीसाठी गिरणी मागताय. असं कुणी देत नाही. यंदा सगळीकडे झाडं चालू आहेत. झाडं मागा, त्यात गिरणी बसवा."

बरं. आम्ही झाडांच्या एका योजनेत अर्ज केला. त्यात शिताफीनं लिहिलं, की पाड्यावर एक गिरणी असेल आणि तिच्याभोवती सावलीसाठी दोनशे झाडं असतील. अर्ज मी एका दमात टाइप केला, एकही खाडाखोड नाही. आणि काय सांगू, मंजूर झाला! आबांनी पेढे आणले.

पावसाळ्यात ट्रक पाड्यावर पोचला. दोनशे रोपं, बहुतेक कडुलिंबाची, मोजून बरोबर. गिरणीचा पत्ता नाही. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, "फक्त वृक्षांचा भाग मान्य."

ट्रक रिकामा होईपर्यंत भुरीबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. मग एक रोप उचलून तिनं आबांच्या नाकासमोर धरलं.

"आबा, आते या झाडसले दयू का?"

दळणाला तिकडे दयन म्हणतात. आबांनी टोपी काढली, खिशात घातली आणि खड्डे खणायला लागले. जिथं गिरणी व्हायची होती ती जागा मध्ये मोकळी सोडून, चारी बाजूंनी लावली झाडं. संध्याकाळी भुरीबाईनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. आबा जीपमध्ये बसून शेंगदाणे आणि गूळ खात होते. सुमनताईंनी चहाचा थर्मास तिच्यापुढे धरला. तिनं तोंड फिरवलं.

*

पुढचा अर्ज दुसऱ्या ट्रस्टकडे. त्यांची अट एकच: गावात गिरणी नसल्याचा सरकारी दाखला जोडा.

मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथले भाऊसाहेब सज्जन माणूस. चष्मा कपाळावर चढवून मला म्हणाले, "असल्याचा दाखला मी आत्ता देतो. नसल्याचा कसा देऊ? जी गोष्ट नाही ती तपासायला मी कुठे जाऊ? कुठल्या रजिस्टरात बघू?"

तीन खेपा झाल्या. त्यांचंही म्हणणं प्रामाणिक होतं, हे मी डायरीत लिहून ठेवलंय.

चौथ्या खेपेला सुमनताई म्हणाल्या, "कागद इकडे द्या." आणि त्यांनी स्वतः अर्ज लिहिला. "सदर पाड्यावर पिठाची गिरणी आहे, असा दाखला मिळावा."

मी घाबरलो. "ताई, हे खोटं आहे!"

"मग त्यांना म्हणू द्या ना, खोटं आहे म्हणून!"

भाऊसाहेबांनी रीतसर नोंद केली. रीतसर माणूस पाड्यावर गेला, साठ घरं फिरला, पाच जणांच्या सह्या-अंगठे घेऊन आला. पंधरा दिवसांत सही-शिक्क्यानिशी उत्तर हातात. "चौकशीअंती पाड्यावर पिठाची गिरणी आढळून आली नाही. सबब आपला अर्ज फेटाळण्यात येत आहे."

फेटाळलेला अर्ज बघून इतकं हसणारी माणसं त्या कचेरीनं पहिल्यांदाच बघितली असतील!

*

दाखला ट्रस्टकडे गेला. मग ट्रस्टनं विचारलं, बायकांचा दळणात नेमका किती वेळ जातो? हे माझ्या आवडीचं काम. मी पाड्यावर जाऊन राहिलो आणि बारा घरांत मनगटावरचं घड्याळ लावून बसलो. कोण किती वाजता जात्यावर बसलं, किती वाजता उठलं, मध्ये लेकरू रडलं म्हणून किती वेळ गेला, सगळा तक्ता केला. चार कार्बन घालून टाइप केला.

उत्तर आलं, "तक्ता उत्तम आहे. ज्या घड्याळाने वेळ मोजली त्याची अचूकता प्रमाणित करून पाठवावी."

आबा संतापले. मी नाही. विचारलंय ते काही चुकीचं नाही, असं माझं मत पडलं. जळगावला माझ्या बहिणीच्या घराजवळ एक म्हातारे घड्याळजी बसतात. त्यांना पत्र दाखवलं. त्यांनी माझं घड्याळ तीन दिवस ठेवून घेतलं, आपल्या भिंतीवरच्या घड्याळाशी सकाळ-संध्याकाळ ताडून पाहिलं आणि पावती पुस्तकाचा कागद फाडून त्यावर सुंदर अक्षरात लिहून दिलं:

"सदर घड्याळ रोज दोन मिनिटे मागे पडते. बाकी प्रामाणिक आहे."

मी तो कागद जसाच्या तसा जोडला. सुमनताईंनी कपाळावर हात मारला. पण बघा, त्या कागदानंतर ट्रस्टनं आमच्या एकाही आकड्यावर शंका काढली नाही! उलट कळवलं, की आमचे साहेब पाहणीला येत आहेत.

*

साहेब आले जानेवारीत. स्वच्छ थंडी, आभाळ निळं. मनानं चांगला माणूस, स्वभावानं चौकस. आम्हाला वाटलं, आता जिंकलो.

आम्ही एकच चूक केली. पाड्याला आठ दिवस आधी कळवलं की पाहुणा येतोय.

जीप पोचली तर रस्ता शेणानं सारवलेला! भुरीबाईच्या अंगणात पंगत मांडलेली. दादरच्या, म्हणजे आमच्या रब्बी ज्वारीच्या, भाकऱ्या. पातळ, पांढऱ्याशुभ्र, पदर सुटलेल्या. टोपलीत उतरंड लावावी तशी त्यांची चळत. साहेब धरून आम्ही चारच माणसं, पण बाईनं भाकरी केली होती चाळीस माणसांची. पाहुण्यासमोर टोपली अर्धी दिसली तर काय म्हणेल तो!

साहेबांनी एक तुकडा मोडला आणि डोळे मिटले. "वा! इतकं बारीक पीठ! मुंबईत गिरणीत मिळत नाही असं!"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी सुमनताईंकडे. त्या साहेबांना सांगायला लागल्या, "अहो, हे सगळं हातानं..." तोवर भुरीबाईनं साहेबांच्या ताटात चौथी भाकरी वाढली आणि हसून म्हणाली, "पीठ बठ्ठं घरनंच शे! काय कमी नही." बठ्ठं म्हणजे सगळं.

"आणि आबा, तुम्ही जेवत का नाही?" साहेबांनी विचारलं.

आबांनी सांगितलं, "उपास आहे."

"अरेरे! असं पीठ समोर असताना!"

त्यांचा अहवाल तीन आठवड्यांनी आला. "पाड्यावर दळणाची व्यवस्था समाधानकारक आढळली. पिठाचा दर्जा उत्कृष्ट. गरज सिद्ध होत नाही."

आबा तो कागद घेऊन थेट पाड्यावर गेले. मी बरोबर होतो. त्यांनी अहवाल मराठीत वाचून दाखवला. नंतर कळलं, अकरा बायका त्या एका जेवणासाठी चार दिवस आळीपाळीनं दळत होत्या. आबांचा आवाज चढला. "अगं, तुझी अडचण दाखवायला आणला होता ना त्याला! तू तीच झाकून ठेवलीस!"

भुरीबाईचा आवाज त्याहून चढला. "पाव्हना उना आनि भाकर नही? आम्ही काय भिकारी शेतस?"

दोघं अंगणाच्या दोन टोकांना पाठ करून बसले. मी डायरीत तिच्या प्रश्नाखाली जागा मोकळी सोडली आहे.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी कुणालाही सांगतो तेव्हा काही गाळत नाही.

त्याच ट्रस्टकडे आम्ही फेरतपासणी मागितली. सुमनताईंचं पत्र, सही आबांची. "मागील खेपेस आपण पीठ पाहिलेत. कृपया आता जाते पाहावे." उत्तर आलं, की मे महिन्यात एक बाई येतील.

या वेळी आबांनी सगळ्या पाड्याला गोळा करून बजावलं. जेवण नाही. पंगत नाही. बाई येतील, बघतील, प्रश्न विचारतील, दुपारच्या आत जातील. आम्ही त्यांचा डबा धुळ्याहून आणू. शेवटी भुरीबाई म्हणाली, "तुम्ही सांगतस म्हनीसन." पण तिला ते पटलेलं नव्हतं, हे तोंडावर दिसत होतं.

बाई आल्या. पस्तिशीच्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. ऊन मरणाचं, मी डायरीत 'झळा' एवढंच लिहिलंय. त्यांनी जाती पाहिली, बायकांना प्रश्न विचारले, सगळं टिपून घेतलं. साडेअकराला आम्ही निघालो. पाड्याबाहेरच्या नाल्यात जीपच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. ड्रायव्हर चालत शिरपूरला गेला. आम्ही परत भुरीबाईच्या अंगणात.

मग डबा आठवला. तो मी सकाळी ऑफिसातच टेबलावर विसरलो होतो. बावीस वर्षांच्या डायरीत माझी अशी चूक दुसरी नाही!

एक वाजला. दीड वाजला. बाई खाटेवर बसलेल्या, दोनदा पाणी मागून प्यायल्या. दारादारातून बायका बघत होत्या. पाहुणी अंगणात उपाशी, आणि सगळ्या पाड्यानं हात बांधून घेतलेले! भुरीबाई आबांकडे बघत होती. आबा जमिनीकडे.

पावणेदोनला आबा खालच्या मानेनं म्हणाले, "दे बाई तिला काहीतरी."

भुरीबाई झटकन उठली, आत गेली, आणि तशीच बाहेर आली. सगळ्यांना सांगितलं होतं पाहुणचार करायचा नाही, म्हणून त्या दिवशी सकाळपुरतंच दळलं होतं. ती भाकरी लेकरांनी संपवलेली. तिचं तोंड इतकं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"पीठ नही शे, बाई. दयनं पडी."

"मग दळू या की," बाई म्हणाल्या आणि उठल्याच. "दोन हातांनी लवकर होईल."

भुरीबाई आडवी आली. पाहुणीनं जात्याला हात लावायचा? तिच्या घरात? पण बाई जात्यासमोर बसल्यासुद्धा होत्या. शेवटी भुरीबाई समोर बसली. एका खुंट्याला चार हात.

सवयीनं मी घड्याळ पाहिलं. एक वाजून बावन्न.

पहिली पाच मिनिटं बाई हसत होत्या. मग त्यांनी पदर खोचला. मग हात बदलला. भुरीबाई म्हणाली, "सोड, मी दयस." बाईंनी मान हलवली. पंधरा मिनिटांनंतर हसू नाही, बोलणं नाही, नुसती जात्याची घरघर. पहिलं पीठ भरड निघालं. ते पुन्हा वरून टाकलं. बाई मध्येच थांबून तळहात बघायच्या आणि पुन्हा खुंटा धरायच्या. दारात उभ्या असलेल्या बायका हळूहळू अंगणात येऊन बसल्या.

दोन भाकऱ्या झाल्या. ठेचा आणि कांदा. बाई खाली बसून जेवल्या. एक भाकरी मोडून आबांपुढे केली. "आबा, तुम्ही?"

आबा काही बोलायच्या आत भुरीबाईनंच सांगितलं, "हाऊ माणूस दोन वरीस पासून मन्ही भाकर खात नही. गिरणी उनी का मंग खाई."

"आणि तुम्ही?"

"मी तेसना चहा पेत नही!"

बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. हात धुतले. पिशवीतून आमचा अर्ज काढला. 'प्रकल्पाची गरज' या रकान्यात मी पाचशे शब्द बसवले होते, एकही जास्त नाही, एकही कमी नाही. त्यांनी त्यावर एक तिरपी रेघ मारली आणि मला विचारलं, "किती वेळ लागला हो, दळायला?"

"सत्तेचाळीस मिनिटं," मी म्हणालो. "घड्याळ रोज दोन मिनिटं मागे पडतं, ते यात धरलेलं नाही."

त्यांनी खाली लिहिलं: "दोन भाकऱ्या. सत्तेचाळीस मिनिटे. दोन बायका." तळहाताला फोड आल्यामुळे अक्षर वाकडं आलं.

पुढचं पान डायरीतून जसंच्या तसं देतो.

६ फेब्रुवारी १९९०, मंगळवार. सकाळी थंडी, आभाळ स्वच्छ, वारा नाही. कडुलिंबाची सावली गिरणीच्या ओट्यापर्यंत. इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू. पहिलं दळण भुरीबाईचं: ज्वारी, एक पायली, चार मिनिटं. आबा: भाकरी चार. भुरीबाई: चहा दोन कप.